"ताई, या वयात डोकं गंजतं ना?"

चाळिशी ओलांडलेली बाई माझ्यासमोर येऊन बसली की पाच-दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. कधी इंग्रजीत, कधी स्पॅनिशमध्ये. त्या दिवशी तो मराठीत आला, म्हणून जरा जास्तच लागला.

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात समुपदेशक आहे. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. राज्यात 116 आहेत, प्रवेश सगळ्यांना खुला, इथल्या रहिवाशांना फी युनिटमागे (म्हणजे एका क्रेडिटमागे) 46 डॉलर. त्यामुळे अठरा वर्षांच्या पोराशेजारच्या बाकावर कुणाची तरी आजीही बसलेली असते. या बाई मूळच्या कराडच्या, वय 41, बी.कॉम. झालेल्या. मुलगी नववीत गेली तेव्हा यांनी नर्सिंग करायचं ठरवलं. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) नर्सिंगला अर्ज करायच्या आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी पार करावं लागतं. अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला 100 पैकी 52 पडले.

"रोज तीन तास बसते हो. वाचताना सगळं कळतं. परीक्षेत उभी राहिले की पाटी कोरी." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मिस्टर काही बोलत नाहीत. पण त्यांनीच 'सोड' म्हटलं तर बरं, असं वाटायला लागलंय."

त्या पहिल्या भेटीत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. ट्यूटरिंग सेंटरचं पत्रक दिलं, अ‍ॅनाटॉमीच्या सरांच्या ऑफिस अवर्सची, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला राखलेली वेळ लिहून दिली, "नक्की जा हं" म्हटलं. त्यांनी कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा घडी तशीच होती.

"गेला नाहीत?"

"सरांना कशाला त्रास? त्यांची कामं असतात. आणि जाऊन विचारू काय? काहीच येत नाही, असं सांगू?"

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत बोलावणं आलं की काहीतरी चुकलेलं असतं. आपणहून तिथे जायचं म्हणजे गुन्हा कबूल करायला जाण्यासारखं. इथे मात्र ऑफिस अवर्स हा प्राध्यापकांच्या कामाचाच भाग आहे. त्या वेळेला ते दार उघडं ठेवून बसतात आणि बहुतेकदा समोरची खुर्ची रिकामीच असते. हे मी रोज बघते, तरी पत्रक देऊन मोकळी झाले होते.

या वेळी मी वही मागितली. चार रंगांचे हायलायटर वापरलेले. मांडीच्या हाडाचं, फीमरचं पान तर इतकं पिवळं, की पांढरी उरलेली ओळच उठून दिसत होती. समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ. मी वही मिटली, कोरा कागद पुढे सरकवला. "फीमरवर काय काय आहे, लिहा बघू."

त्यांनी पेन उचललं. "ग्रेटर ट्रोकँटर" लिहिलं. थांबल्या. "जिभेवर आहे हो..." पाच मिनिटांत तीन नावं झाली, त्यातल्या एकाचं स्पेलिंग चुकलेलं. पुस्तक उघडताच म्हणाल्या, "हे बघा, हे सगळं येतंय मला!"

इथेच गोम आहे. पुढ्यात पुस्तक असलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. आमच्या बाईंचे रोजचे तीन तास त्या पहिल्या पाच मिनिटांसाठीच खर्च होत होते. डोकं गंजायचा संबंधच नव्हता.

हे सांगितल्यावर त्या हसल्या. "म्हणजे पाढेच की! आमचे वडील संध्याकाळी समोर बसवून म्हणून घ्यायचे. अधूनमधून मध्येच विचारायचे, तेरा सत्ते?" मला हे सुचलं नव्हतं. पाठांतराला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे, पण त्या 'म्हणून घेण्या'त एक शहाणपण होतं: पुस्तक मिटलेलं असायचं, आणि विचारणारा समोर असायचा.

पुस्तक मिटायचं ठरलं. विचारणारी घरातच सापडली, नववीतली मुलगी. रोज रात्री वीस मिनिटं तिने आईची तोंडी घ्यायची. तिला तर हे भलतंच आवडलं.

पण प्रॅक्टिकलचं दुखणं तेवढ्याने जाणारं नव्हतं. तिथे टेबलांवर हाडं आणि मॉडेल मांडलेली असतात, प्रत्येकावर खुणेची पट्टी. मिनिटभरात नाव लिहायचं, डावं की उजवं तेही, आणि पुढच्या टेबलाशी सरकायचं. पुस्तकातलं हाड नेहमी उभं, सरळ. टेबलावरचं आडवं, पालथं. हे सरांकडे जाऊनच शिकावं लागणार होतं.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत 2007 पासून एक योजना चालू आहे, तिला असॅप म्हणतात. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना फीची मदत, बस-मेट्रोचा पास, आणि मुख्य म्हणजे सल्लागाराला नियमाने भेटायची सक्ती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून अभ्यास झाला. तीन वर्षांत योजनेतले 40 टक्के विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, बाहेरचे 22 टक्के. एवढ्या फरकाचं श्रेय एकट्या सक्तीला देता येणार नाही, पण मला त्यातलं तेच सगळ्यात पटतं. मदत मागणाऱ्यालाच मिळणार असेल तर ती नेमकी मागायची सवय असलेल्या मुलांच्या वाट्याला येते. ती मुलं बहुधा तशीही पास होणारी असतात.

सक्ती करायचा अधिकार मला नाही. पाय मात्र आहेत. घड्याळात बघितलं, सरांची वेळ चालू होती. म्हटलं, "चला, मी येते." वाटेत एका चिठ्ठीवर त्यांच्याकडून एकच प्रश्न लिहून घेतला: हाड डावं की उजवं, हे कशावरून ओळखायचं? "काही येत नाही" असं सांगणं वेगळं आणि असा प्रश्न हातात धरून जाणं वेगळं. दाराशी त्यांनी पदर नसताना पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली.

मी बाहेरच थांबले. सरांनी कपाटातून फीमर काढून सरळ त्यांच्या हातात दिलं आणि डोळे मिटायला सांगितलं. गोल डोकं नेहमी आतल्या बाजूला, कमरेच्या खोबणीकडे. पाठीमागची लांब कड बोटांनी चाचपायची. या दोन गोष्टी हाताला लागल्या की बाजू कळते. वीस मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा स्वतःच्या मांडीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या. पुढच्या आठवड्यात एकट्याच गेल्या. लॅबमधल्या मॉडेलचे फोटो काढून आणले, तर मुलगी तोंडी घेताना मुद्दाम फोन उलटा धरायची.

दरम्यान एकदा कोर्स सोडायचं पुन्हा मनात आलं होतं. टर्मचा ठरावीक भाग होईपर्यंत सोडता येतं, गुणपत्रकावर 'डब्ल्यू' येतो, म्हणजे विषय सोडल्याची नोंद. पण तोही प्रयत्नांत मोजतात, आणि एका विषयाला साधारण तीनच प्रयत्न मिळतात. हे हिशेब कागदावर मांडून दाखवले आणि ठरवणं त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी कोर्स सोडला नाही.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला 74. शेवटी विषयाला 'सी' मिळाला, म्हणजे पास, पण 'ए' आणि 'बी'च्या खालचा ग्रेड. मी खूश, त्या नाराज. नर्सिंगच्या प्रवेशात विज्ञानाचे ग्रेड बघतात, आणि 'सी' मिळालेला विषय ग्रेड सुधारायला म्हणून पुन्हा घेता येत नाही. ती नाराजी खोटी नव्हती, मीही तिच्यावर फुंकर घातली नाही. बाकीच्या दोन विषयांत काय लागेल याचं गणित मांडत तासभर बसलो.

फिजिऑलॉजी सुरू झालं त्या पहिल्याच सोमवारी त्यांचा मेसेज आला: "ताई, नव्या मॅडमची खोली कुठल्या मजल्यावर आहे? अजून काही अडलेलं नाही. नुसतं बघून येते."