मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ वाचायला घेतेय, ‘ओडिसी’तल्या जादूगारणीवरची कादंबरी. आधी होमर, म्हणजे ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही प्राचीन ग्रीक महाकाव्यं, वाचावी लागतील का?

अख्खा नको. ‘ओडिसी’च्या २२व्या सर्गातल्या ४३७ ते ४७३ आणि ‘इलियड’च्या १९व्या सर्गातल्या २८२ ते ३०२, एवढ्याच ओळी वाचा. दोन्ही मिळून साठही भरत नाहीत.

पहिला तुकडा दासींचा. ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो. वाड्यातल्या पन्नासांपैकी बाराजणी त्याच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालायला आलेल्या पुरुषांबरोबर झोपल्या, हा गुन्हा. आधी त्यांच्याकडूनच त्या पुरुषांची प्रेतं उचलून घेतात, मेजं-खुर्च्या ओल्या स्पंजांनी पुसून घेतात. ओडिसियस म्हणतो, तलवारीनं मारा. मुलगा टेलेमेकस म्हणतो, इतकं स्वच्छ मरण यांना नको, आणि जहाजाचा दोर बांधून सगळ्यांना ओळीनं लटकावतो. पाय थोडे झाडले, फार वेळ नाही.

इथं टेलेमेकसच्या तोंडी ग्रीकमध्ये दासींसाठी नामसुद्धा नाही. नुसतं ‘त्या, ज्यांनी’. फेगल्सच्या १९९६च्या इंग्रजी अनुवादात मात्र त्या ‘रांडा’ झाल्या. एमिली विल्सननं २०१७मध्ये साधं ‘मुली’ केलं, तर ओरड झाली की आजचं डोकं होमरवर लादलं. शिवी कोणी लादली होती मग? आणि बायकांना बोलतं करणं ही आजची टूम असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिडनं पेनेलोपी आणि ‘इलियड’मधली अकिलीसची बंदिनी ब्रिसेइस यांच्या नावानं पत्रं लिहिली ती कशाला?

कादंबऱ्यांचा क्रम माझा वेगळा आहे. आधी मार्गारेट ॲटवुडचं ‘पेनेलोपियाड’ (२००५). पेनेलोपी पाताळातून बोलते आणि मध्येमध्ये त्या बाराजणी कोरस धरतात, कधी दोरीउड्यांचं गाणं, कधी थेट खटला. पेनेलोपीला धुवून काढलेलं नाही. त्या पुरुषांत मिसळून बातम्या आणा, असं तिनंच त्यांना सांगितलेलं असतं. मग पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८), ब्रिसेइसच्या तोंडून सांगितलेली. होमरनं तिला चौदा ओळी दिल्या, त्या वर सांगितलेल्या दुसऱ्या तुकड्यात आहेत. बार्कर पूर्ण कादंबरी देते, पण अर्ध्यावर अकिलीसच्या डोक्यात शिरते आणि पकड सुटते.

‘सर्सी’ शेवटी. वाईट नाही, भाषा तर फारच देखणी. पण नायिका अखेर ज्याच्याबरोबर जाते तो हाच दोर बांधणारा टेलेमेकस. हे मिलरच्या पदरचं नाही, एका हरवलेल्या जुन्या महाकाव्यात त्यांचं लग्नच आहे. पश्चात्ताप तेवढा मिलरनं त्याला दिला. तो पटतो का, हे दासींच्या त्या ३७ ओळी वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. (शेवट सांगून टाकला खरा.)