फूड स्टॅम्पच्या भरवशावर पाच वर्षं पैसे अडकवू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ५७, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाड्याची खोली, किराणा दुकानात आठवड्याला १३ तास काम, तासाला १६ डॉलर. यजमान गेल्यावर मिळालेल्या पैशातले ९,००० डॉलर शिल्लक आहेत आणि फूड स्टॅम्पचे, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचे, महिन्याला दोनशेच्या आसपास येतात. दीर म्हणतात, ७,००० पाच वर्षांच्या सीडीत (बँकेच्या मुदतठेवीत) टाका, वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, या मदतीला कात्री लावली तरी राज्य सांभाळून घेईल.

माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. दिरांना तुमची काळजी आहे, पण राज्याला हे किती काळ झेपेल याचा अंदाज त्यांनी फार मोठा धरलाय.

नोव्हेंबर २०२५ आठवा. सरकारी कामकाज ठप्प होतं, त्या महिन्याचे पैसे अडकले. तुम्हीच लिहिलंय, काउंटरवर कार्डात ४ डॉलर निघाले, तेव्हा तूरडाळीची पिशवी परत फळीवर ठेवलीत आणि नुसते तांदूळ घेऊन घरी आलात. तेव्हा राज्यं धावली, हे खरंच. न्यूयॉर्कने आणीबाणी जाहीर करून अन्नमदतीसाठी साडेसहा कोटी डॉलर काढले. व्हर्जिनियाने स्वतःच्या तिजोरीतून दर आठवड्याला पैसे दिले. व्हरमाँटने सोय केली ती १५ दिवसांची. अशी मदत दिवसांवर मोजायची असते, तुम्ही पैसे बांधताय पाच वर्षांसाठी.

आपल्या न्यू जर्सीत एक चांगली गोष्ट आहे. कुणाची रक्कम ९५ डॉलरच्या खाली गेली, तर फरक राज्य भरतं. पण पात्रताच गेली तर तेही गेलं. शिवाय जुलै २०२५ च्या कायद्याने राज्यांवरच ओझं टाकलंय. योजना चालवण्याच्या खर्चात राज्याचा वाटा १ ऑक्टोबर २०२६ पासून ५० वरून ७५ टक्के होतो. ऑक्टोबर २०२७ पासून, रक्कम ठरवताना ज्या राज्यांच्या चुका ६ टक्के किंवा जास्त, त्यांना मदतीच्या रकमेतलाही ५ ते १५ टक्के भार उचलावा लागेल. २०२४ मध्ये देशाची सरासरीच १०.९३ टक्के होती.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कामाची अट आधी ५४ वर्षांपर्यंत होती, ती आता ६४ पर्यंत नेली आहे. महिन्याला ८० तास काम दाखवायचं, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत. तुमचे तास भरतात जेमतेम ५६. मात्र ज्याची आठवड्याची कमाई २१७.५० डॉलर किंवा जास्त आहे, त्याला ही अट लागत नाही. तुमची आहे २०८. म्हणजे साडेनऊ डॉलर कमी! आठवड्याला एकच तास वाढवलात तर २२४ होतात. पगार वाढल्यावर मदत थोडी घटेल, पण वाढलेल्या पगाराइतकी नाही.

म्हणून सीडीच्या आधी दुकानाच्या मालकांशी बोला. चौदावा तास रोख घेऊ नका, तो पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) आलाच पाहिजे, कारण कार्यालयात तोंडी हिशेब चालत नाही. स्टब जपून ठेवा आणि काउंटीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या.

आणि ९,००० चं काय? ६,००० चांगलं व्याज देणाऱ्या बचत खात्यात, हवे तेव्हा काढता येतील असे. उरलेले ३,००० फार तर एक वर्षाच्या सीडीत. पाच वर्षांची मधेच मोडलीत तर दंड बसतो, आणि तुमच्यावर ती मोडायची वेळ यायची शक्यता मला जास्त वाटते. खात्यात पैसे दिसले तर फूड स्टॅम्प बंद होतील ही भीती मनातून काढा. न्यू जर्सीत बहुतेक घरांना बचतीची मर्यादा लागत नाही.

तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली की यजमानांच्या नोकरीवर सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेतून, विधवेचा हप्ता कमी दराने सुरू करता येतो, त्यांचे पुरेसे क्रेडिट (नोकरीच्या काळात जमा होणारे गुण) भरले असतील तर. म्हणजे खरी कसोटी पुढच्या तीन वर्षांची आहे. किती मिळतील ते आत्ताच विचारून ठेवा, आणि मालक काय म्हणाले तेही मला कळवा.