ब्रेक बाहेर बदलले तर वॉरंटी जाते का?

प्रश्न : मी साताऱ्यात शिक्षिका आहे. गाडी चार वर्षांची, ५२ हजार किलोमीटर झालेली. पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी अजून वर्षभर आहे. सर्व्हिसिंगला सोडली तेव्हा शोरूमने पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क दोन्ही बदलायला सांगितले, खर्च साडेअठरा हजार. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नुसत्या पॅडवर भागेल, साडेतीन हजारांत होईल. मी नको म्हटल्यावर ‘ग्राहकाने नकार दिला, वॉरंटी रद्द’ अशा कागदावर सही मागतात आणि सहीशिवाय गाडी देत नाहीत. लागणारे पार्ट मीच विकत आणून मेकॅनिकला दिले तर चालेल का?

उत्तर : ताई, सही करा, पण कागदातलं अर्धंच मान्य करून. ब्रेक बदलायला सांगितले होते आणि तुम्ही ते काम तिथे करून घेतलं नाही, एवढं खरं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. ‘वॉरंटी रद्द’ या शब्दांवर रेघ मारा, शेजारी ‘अमान्य’ लिहून सही-तारीख टाका आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता गाडी अडवण्याचं. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. हा हक्क केलेल्या कामापुरता आहे. सर्व्हिसिंगचं बिल चुकतं करा. चाकं उघडून तपासण्याचे पैसे जॉबकार्डावर (गाडी सोडताना कामं आणि खर्च लिहितात तो कागद) आधी ठरले असतील तर तेही द्या. न केलेल्या कामासाठी किंवा एका सहीसाठी गाडी धरून ठेवायला कायद्यात आधार नाही. तरीही ऐकेनात, तर तिथूनच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. केबिनमधले मॅनेजर पुष्कळदा एवढ्यानेच बाहेर येतात.

वॉरंटीची धमकी वाटते तेवढी भक्कम नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेने, १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणं आणि बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी काढून घेणं, हेच त्या प्रकरणाचं मूळ. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण आयोगाने सांगितलेलं सूत्र आजही उपयोगी पडतं : बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

तुमच्या बाबतीत एक खोच आहे. तुमची वॉरंटी वाढीव, म्हणजे वेगळे पैसे मोजून केलेला वेगळा करार. त्याची पुस्तिका काढून वाचा. ठरावीक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करा, अशी अट बहुधा असते. ती तुम्ही पाळताच आहात, ती मोडू नका. त्याच पुस्तिकेत झिजणाऱ्या भागांची यादीही सापडेल आणि ब्रेक पॅड सहसा त्यात असतात. म्हणजे ज्या भागाला कंपनी मुळात वॉरंटीच देत नाही, तो बाहेर बदलला म्हणून ती काय काढून घेणार? एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागत असेल किंवा मास्टर सिलिंडरची (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा भाग) तक्रार असेल, तर मात्र बाहेर हात लावू देऊ नका. तिथे वॉरंटी खरोखर कामाला येते.

डिस्क बदलायची की नाही, हे वकिलाने सांगायचं नसतं, पण पुरावा कुठे असतो ते सांगतो. किमान किती जाडी हवी, ते बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेलं असतं. शोरूमला म्हणा, ‘मोजलेली जाडी जॉबकार्डावर लिहून द्या.’ लिहून दिली आणि ती किमानपेक्षा कमी असेल, तर मेकॅनिकचे साडेतीन हजार विसरा. टाळाटाळ केली, तर काय समजायचं ते समजा.

एक मात्र सांगतो, काम लांबवू नका. ब्रेक धोकादायक असल्याची लेखी सूचना आता तुमच्या नावावर आहे. दोष माहीत असून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे आणि त्यातून अपघात होऊन कोणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट विमा पॉलिसीत असते. दाव्याच्या वेळी कंपनी नेमकं तेच जॉबकार्ड समोर ठेवेल.

मेकॅनिककडे करायचं ठरलं तर पक्कं बिल घ्या. पार्टची कंपनी, पार्ट नंबर, मजुरी आणि किलोमीटरचं रीडिंग, सगळं त्यावर हवं. जुने पॅड मागून घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. पैसे घेऊन सेवा देणारं टपरीवजा गॅरेजही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येतं. काम बिघडलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही (आमच्या धंद्याच्या विरोधात जातं, पण खरं आहे).

पार्ट स्वतः आणून देण्याचा विचार मात्र सोडा. हजार-पाचशे वाचतील, पण ब्रेक पुन्हा आवाज करू लागले की दुकानदार फिटिंगला दोष देईल आणि मेकॅनिक मालाला. पार्ट आणि मजुरी एकाच बिलावर असली की जबाबदार माणूसही एकच राहतो.