पहिला ५५५ रेडिओच्या टेबलावर

मोर्सच्या सरावासाठी टोन हवा ना? मग ५५५ या टायमर आयसीनेच सुरुवात कर. १० किलोओहम व १०० किलोओहमचे रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतलास की साधारण ६८५ हर्ट्झचा, कानाला बरा वाटणारा सूर मिळतो. मोर्सची कळ (की) चौथ्या, म्हणजे रीसेटच्या पिनेवर लाव. ती पिन एक किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधायला विसरू नकोस.

खरी काळजी गोंगाटाची. जुना बायपोलर ५५५ आउटपुट बदलताना सप्लायमधून क्षणभर मोठा करंट ओढतो आणि ती खरखर थेट रिसीव्हरमध्ये ऐकू येते. म्हणून पिन १ (ग्राउंड) आणि ८ (सप्लाय) च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. रिसीव्हरशेजारी मी तरी ७५५५, म्हणजे ५५५ चीच कमी करंट ओढणारी सीमॉस आवृत्ती, वापरतो.

दहा मिनिटांच्या टायमरसाठी मात्र हा आयसी नको. एवढ्या वेळेला लागणाऱ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून होणाऱ्या करंटच्या गळतीमुळे वेळ भरवशाची राहत नाही.