विदर्भातल्या शकुंतला रेल्वेचं एखादं बंद पडलेलं स्टेशन पाहायला जायचं आहे. कुठलं पाहावं, कधी जावं?

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला उतरा. तिथून एक फाटा यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६. माझं ऐकाल तर अचलपूरचाच धरा. तिकडे माझी सासुरवाडी आहे आणि एक हिशेब बाकी आहे.

माझा साळा म्हणतो, शकुंतला मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. त्याचा आजा त्या गाडीनं बाजाराला जायचा, म्हणून त्याला जास्त माहीत! मी सांगतो नॅरोगेज, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. दर दिवाळीला ताटं वाढली की हेच सुरू. शेवटी एका भाऊबीजेला सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप खिशात घातली, त्याला गाडीवर मागं बसवलं आणि दर्यापूर-अंजनगावच्या मधल्या एका स्टेशनावर नेलं. तिकिटाच्या खिडकीला शेळी बांधलेली. फलाटभर कमरेइतका तरोटा, वाळून शेंगा खुळखुळत होत्या. गवत पायानं दाबत रूळ शोधले, तर पठ्ठ्यानं टेप रुळाच्या बाहेरच्या कडेला लावली. अरे बाबा, गेज आतून मोजतात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. मोजलं. तीस इंच, एखादं सूत इकडंतिकडं.

तर म्हणे, "भाऊजी, इतक्या वर्षात रूळ सरकले असतीन."

मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच. नऊ इंच सरकले?

आणि हळू चालायची म्हणून हसणाऱ्यांचाही मला राग येतो. स्टेशनावर माणूस नाही, तिकीट गार्डच फाडणार, फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावणार, गाडी पलीकडे गेली की उघडणार. पळेल कशी? वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला ही लाइन टाकली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिनं वापरलं. तुमची कुठली गाडी इतकी टिकली?

दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते, शिवाय गवतात साप. म्युझियमसारखं काही पाहायला मिळेल अशी आशा असेल तर नकाच जाऊ. आणि हो, जागा आपली नाही, कुलूपबंद खोलीत शिरू नका.

टेप मात्र न्या. रूळ सापडले तर आतून मोजा आणि आकडा नीट दिसेल असा फोटो इथे टाका. माझ्याकडचा फोटो हलला आहे, आणि साळा तेच धरून बसलाय.