तारामती? ती तर बाईच नव्हती!

प्रश्न : नातीच्या शाळेत प्रश्नमंजूषा आहे. 'भारतीय चित्रपटातली पहिली अभिनेत्री' म्हणून तिनं दुर्गाबाई कामत लिहिलंय, मैत्रिणीनं कमलाबाई गोखले. आमचे हे म्हणतात, 'राजा हरिश्चंद्र' पहिला, मग त्यातली तारामतीच पहिली. खरं कोण?
– एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, यजमानांना आधी चहा करून द्या, कारण हरले ते तेच. तारामती झाले होते अण्णा साळुंके, मुंबईच्या एका उपाहारगृहातले स्वयंपाकी! फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून जाहिरात दिली, कोठ्यांवर जाऊनही विचारून पाहिलं. पण सिनेमात उभं राहणं तिथंही कमीपणाचं वाटे. तेव्हा ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ज्या तारामतीसाठी बायकांनी डोळे पुसले असतील, ती साळुंक्यांची.

बाई पडद्यावर आली ती त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, आणि तीही एकटी नाही, मायलेकी मिळून. दुर्गाबाई पार्वती, लेक कमला मोहिनी. कमलाबाईंचा जन्म १९०० चा. म्हणजे भस्मासुराला नाचवून डोक्यावर हात ठेवायला लावणारी मोहिनी अवघी तेरा वर्षांची!

या दोघी कशा तयार झाल्या, असं लोक विचारतात. अहो, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई पोरीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडत होत्या. नावं ठेवणाऱ्यांनी ती केव्हाच ठेवून झाली होती. तोंडाला रंग लावला की चूल पेटे, एवढा साधा हिशेब. मला चुटपुट लागते ती वेगळीच. कमलाबाई संगीत नाटकातल्या, गाणाऱ्या. मूकपटात त्या गळ्याचा काय उपयोग?

बरं, त्या आल्या म्हणून बाकीच्यांना वाट मोकळी झाली म्हणाल, तर तसंही नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये सीता पुन्हा साळुंकेच, आणि रामही तेच. आपल्याच विरहात आपणच झुरायचं, कमाल आहे की नाही?

कमलाबाईंचं लग्न पुढे नाटकातल्याच रघुनाथराव गोखल्यांशी झालं. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. रीना मोहन यांनी त्यांच्या उतारवयात 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला, तो मी पुण्यात पाहिला. नव्वदीकडे झुकलेली बाई जुन्या नाटकांतली भाषणं धडाधडा म्हणत होती. मला कालची भाजी आठवत नाही.

'मोहिनी भस्मासुर' मात्र आज कुठंच उरलेला नाही, त्यामुळे आधी कोण दिसलं, आई की लेक, हे पाहून ठरवायची सोय नाही. नातीला दोन्ही नावं लिहायला सांगा, आईचं आधी. शाळेतल्या बाईंनी गुण कापलाच तर हा अंक पुढे करा.