जर्मनीत इंटेन्सिव्ह कोर्स करायचाय? मग बी१ पुण्यातच उरकून ये

तुझा मेसेज नीट वाचला. मेकॅनिकल झालंय, चाकणला नोकरी चालूये, वीकेंडचा क्लास लावून जर्मनची ए१ पास झालायस (भाषेच्या लेव्हल चढत्या क्रमाने ए१, ए२, बी१, बी२, सी१) आणि आता राजीनामा टाकून वर्षभर जर्मनीत इंटेन्सिव्ह कोर्स करायचा, सी१ काढायचं आणि मग तिकडेच मास्टर्सला घुसायचं असं डोक्यात आहे. खर्च किती, व्हिसा मिळेल का, वर्षात सी१ होतं का, आणि कोर्स करता करता कमावता येतं का, हे चार प्रश्न. मी लाइपझिगला असाच कोर्स केला आणि अजून इथेच आहे, त्यामुळे जे माहितीये ते सांगते, लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

तर प्लॅन वाईट नाहीये, फक्त ए१ वर निघू नकोस. बी१ पुण्यातच कर, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, कुठेही कर पण कर. कारण ए१-ए२ मध्ये जे शिकवतात ना, आर्टिकल्स, परफेक्ट (भूतकाळ), अक्कुझाटिव-डाटिव (विभक्ती), हे सगळं शेवटी घोकायचंच असतं, ते बोट क्लब रोडला बसून घोकलं काय आणि जर्मनीत घोकलं काय, फरक शून्य, उलट जर्मनीत ते घोकताना महिन्याला लाखभर रुपये जातात. शिवाय ए१ वाल्याला बाहेर कुणी उभं करत नाही, बेकरीत दोन वाक्यं बोलून झाली की समोरचीला कंटाळा येतो, मागे लाईन वाढते आणि ती सरळ इंग्लिशवर येते. बी१ असेल तर अडखळत का होईना संभाषण पुढे सरकतं, आणि इथे येऊन राहण्याचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

वर्षात सी१ होतं का? शून्यापासून धरलं तर सी१ ला साधारण ८०० ते १००० तास लागतात, हे तास ४५ मिनिटांचे बरं का, जर्मनीत क्लासचा तास तेवढाच असतो. आठवड्याला २० ते २५ तासांचा कोर्स असेल तर कागदावर वर्षात बसतं. पण कागदावरच. बी१ नंतर गाडी स्लो होते, बी२ ला बहुतेकांचं अडतं, एखादी लेव्हल रिपीट करावी लागते, मध्ये ख्रिसमसची सुट्टी, मध्ये पुढची बॅच भरलीच नाही म्हणून महिना वाया. तेच तू बी१ घेऊन आलास तर बी२ आणि सी१ दोन्ही वर्षात निवांत होतात आणि एक्झामला पुन्हा बसायला पण वेळ उरतो.

आता व्हिसा. नुसत्या भाषेच्या कोर्ससाठी वेगळा व्हिसा असतो, त्यात आठवड्याला किमान १८ तासांचा कोर्स दाखवावा लागतो, संध्याकाळचे किंवा वीकेंडचे क्लास चालत नाहीत, आणि साधारण जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं. ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून दाखवायच्या खात्याचा, आकडा पण इथे जास्त आहे, सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांना महिना ९९२ युरो, भाषेच्या कोर्सवाल्यांना १०९१, म्हणजे वर्षाचे १३ हजाराच्या वर. १ युरो १०० रुपये धर, १३ लाख झाले, आणि कोर्सची फी त्यात धरू नकोस. (आकडा बदलत असतो, पैसे टाकायच्या आधी कॉन्सुलेटच्या साईटवर बघच.)

यात सगळ्यात घातक प्रश्न असतो तो म्हणजे "हाच कोर्स भारतात का नाही करत?" ए१ वाल्याकडे याला खरंच उत्तर नसतं. बी१ चं सर्टिफिकेट, मास्टर्सचा पुढचा प्लॅन, कुठल्या युनिव्हर्सिटीत कुठला कोर्स, हे सगळं व्हिसाच्या अर्जासोबतच्या लेटरमध्ये असेल तर केस उभी राहते. पूर्वी नकार आला की फुकटात फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो प्रकार जुलै २०२५ पासून बंद झाला, आता पुन्हा नव्याने फाईल लावायची नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. म्हणून पहिल्याच फाईलमध्ये घाई नको.

आणि त्याहून बरा रस्ता म्हणजे आधी मास्टर्सला अप्लाय कर. बऱ्याच युनिव्हर्सिट्या भाषा कमी असेल तर कंडिशनल ॲडमिशन देतात, म्हणजे भाषा पूर्ण कर मग सीट पक्की. ते पत्र हातात असेल तर थेट स्टुडंट व्हिसा, त्यातच भाषेची तयारी बसते. त्यासाठी एपीएस, म्हणजे आपल्या डिग्री-मार्कशीटा तपासून मिळणारं सर्टिफिकेट, लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना कंपल्सरी आहे, त्यात वेळ जातो, मार्कशीटा गोळा करायला आत्ताच लाग. आणि मास्टर्स इंग्लिशमधून असेल तर ॲडमिशनसाठी सी१ लागतंच असं नाही हे माहितीये ना? तरी मी म्हणेन भाषा कर, कारण इंग्लिशमधून मास्टर्स करून नंतर नोकरीसाठी बी१ शोधत फिरणारे आपलेच लोक इथे ढिगाने आहेत.

कोर्स कुठे? मोठ्या ब्रँडच्या शाळेत चार आठवड्यांचे हजार युरोच्या वर जातात. शहराची स्वतःची फोल्क्सहोखशूल असते, फाउ-हा-एस म्हणतात, ती खूप स्वस्त, पण १८ तास भरतात का ते लेखी घे. युनिव्हर्सिटीला जोडलेले कोर्स मला सगळ्यात आवडतात, लाइपझिगला हर्डर इन्स्टिट्यूट १९५६ पासून परदेशी मुलांना जर्मन शिकवतंय, तिथलं वातावरण एक्झामचंच असतं. म्युनिक-फ्रँकफर्टला रूमच्या भाड्यातच जीव जातो, लाइपझिग, हाले, केम्निट्झ परवडतं. बर्लिनला मजा आहे पण तिथे कॅफेत वेटरच इंग्लिश बोलतो, शिकणार काय कप्पाळ.

क्लासबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. क्लासमध्ये टीचर सोडून एकही जर्मन नसतो! आमच्या क्लासमध्ये सिरियाची फार्मासिस्ट, युक्रेनच्या दोघी, व्हिएतनामचा एक, ब्राझीलचा एक आणि आम्ही भारतीय. सव्वाआठला क्लास सुरू, एकापर्यंत डोकं पिळून निघायचं, आणि ब्रेक झाला रे झाला की कॉफी मशीनपाशी सगळे इंग्लिशमध्ये, आम्ही हिंदीत. दुपारी रूमवर येऊन पोहे करून घरी व्हिडिओ कॉल. असे महिने गेले तरी जर्मन बोलणं क्लासपुरतंच राहतं. मला सुटका मिळाली ती टँडेम पार्टनरमुळे, एक आज्जी भेटल्या, त्यांना इंग्लिश सुधारायचं होतं, मला जर्मन, अर्धा वेळ हे अर्धा वेळ ते. आज्जी अस्सल झॅक्सन, म्हणजे लाइपझिगच्या सॅक्सनी राज्यातल्या, सव्वादोनला भेटायचं असेल तर म्हणायच्या "फिअर्टल ड्राय" (शब्दशः "पाव तीन"), क्लासमध्ये शिकवलेलं "फिअर्टल नाख त्स्वाय" ("दोनवर पाव") त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही, आणि मी आपली तीनच्या आसपास काहीतरी समजून बसलेली. असलं काही क्लासमध्ये कळत नाही. राहायला पण भारतीय फ्लॅट शोधू नकोस, जर्मन मुलांबरोबरच्या वेगेत, म्हणजे शेअर्ड फ्लॅटमध्ये रूम बघ. आणि रूम न बघता, काँट्रॅक्ट न करता डिपॉझिट पाठवू नकोस, परदेशातून शोधणाऱ्यालाच टोप्या घालतात. घर घेताना आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होणार का हे आधी विचार, ते झाल्याशिवाय पुढची कामं अडतात.

कमाई: भाषेच्या व्हिसावर मार्च २०२४ पासून आठवड्याला २० तास काम चालतं. पण सकाळ क्लासमध्ये, दुपार होमवर्कमध्ये, आणि बी१ च्या खाली काम म्हणजे गोडाऊन नाहीतर भांडी. पॉकेटमनी निघेल, कोर्स त्यावर चालणार नाही, घरच्यांना तसं स्वप्न दाखवू नकोस.

एक्झाममध्ये आपली पोरं ग्रामरमध्ये तगडी असतात, आणि तो-ती-ते असल्यामुळे देअर-दी-दास चा (जर्मनमधल्या तीन लिंगांच्या आर्टिकल्सचा) धक्का पण आपल्याला इंग्लिशवाल्यांएवढा बसत नाही. मार खातो तो ऐकण्यात. ग्योथं इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे मॅक्सम्युलर भवनच्याच) बी२ परीक्षेला चार मॉड्यूल, प्रत्येकात ६० टक्के लागतात, आणि ऐकण्याचे काही भाग एकदाच लावतात. पुण्यात बसूनच रोज जर्मन रेडिओ लाव, समजो न समजो. बोलण्याचा पाठ केलेला फोरट्राग, म्हणजे छोटं भाषण, परीक्षकाला लगेच कळतो, डिस्कशनमध्ये पार्टनरने भलताच मुद्दा काढला की पाठांतर उघडं पडतं.

राजीनामा आत्ता नको. ए२-बी१ नोकरी सांभाळून होतात, वीकेंडला होतंय ना, तसंच चालू ठेव, सोबत एपीएस आणि अर्ज टाक. व्हिसाचा स्टिकर पासपोर्टवर लागला की मग एचआरला मेल कर. नोटीस पिरियड किती आहे तुझा? दोन-तीन महिने असेल तर कोर्सची तारीख त्याप्रमाणे पुढची घे, शाळा सहसा बदलून देतात.